तिकडच्या मापानं

हॅलो? … हो, मीच, ग्लेनिस. आई नाहीये घरी. उद्या अँझॅक दिन ना, युद्धातल्या सैनिकांच्या आठवणीचा, हॉलवर त्याची ती ओटची बिस्किटं पोचवायला गेलीय. बोल, नरेल. … परत? … तुझी बिस्किटं पसरलीच नाहीत? … मग तिकडे अमेरिकेत, ओमाहाच्या लोकांना सांग, आमच्या ऑस्ट्रेलियात अशीच असतात, दगडासारखी. … बरं बरं, नाही हसत.

हो, हो… अगं ऐक ना. तुझ्या हाताचा दोष नाही तो. चमच्याचा आहे. … चमच्याचा, चमच्याचा. आपला मोठा चमचा म्हणजे चार छोटे चमचे. तिकडचा तीनांचाच. दोन चमचे गोल्डन सिरप, तो उसाचा पाक, घातलंस की तिथंच पाव हिस्सा कमी. बावीस वर्षं तू तिकडे कोरडी बिस्किटं भाजतेस आणि आम्ही इकडे म्हणतोय, नरेलच्या हाताला चव नाही. … आम्ही म्हणजे कॉलिन म्हणायचा. माझ्या नवऱ्याचं काय मनावर घेतेस.

… मला तरी कुठून माहीत असणार? आजच कळलं. तेच सांगतेय, बोलू देशील तर.

आईकडचा चहा संपला म्हणून वरच्या फळीवर हात घातला, तर एक वही. … नाही गं, ती जुनी नाही. जुनी ओट्यावरच पडलीय, लोण्यानं माखलेली. ही वेगळी. पहिल्या पानावर आईच्या अक्षरात, 'नरेलसाठी. तिकडच्या मापानं.' … हो.

सगळं, नरेल. स्पंज, खजुराचा लोफ, ते लिंबाचं पुडिंग, ज्याच्यासाठी कॉलिन मला सोडून आईकडे राहायला जाईल. एकोणऐंशी पदार्थ. उभ्याउभ्याच मोजले मी. मग बसले.

… नुसते आकडे बदललेले नाहीत गं. करून बघितलंय तिनं एकेक. आठवतं, तुझ्याकडून तिकडचे ते लाल मापाचे कप नि चमचे मागवले होते? आपण हसलो होतो, म्हातारीला लाल रंगाची हौस म्हणून. … त्यांनीच. थांब, वाचते. 'अँझॅक बिस्किटं. पहिला घाणा पसरला नाही, कोंबड्यांना. सिरप दोन मोठे चमचे, वर दोन छोटे. बटर एक कांडी, वर एक मोठा चमचा. दुसऱ्याच्या कडा करपल्या. तिसरा जमला.' … प्रत्येक पानावर असंच. कोंबड्या उगीच नाही एवढ्या माजल्या.

आणि तिकडच्या त्या बेकिंग पावडर घातलेल्या, फुगणाऱ्या मैद्यात आधीच मीठ असतं, ठाऊक होतं तुला? … मलाही नव्हतं. तिनं तिकडच्या गिरणीला पत्र लिहून विचारलंय. उत्तर पानावर चिकटवलंय. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, दिवा बदलायला मला हाक मारते, आणि अमेरिकेतल्या गिरणीशी पत्रव्यवहार करते. आपण हिच्या पोटच्या मुली, आणि आपल्याला पत्ता नाही.

… कधीपासून? तारीख आहे ना. सात जानेवारी. चार वर्षांपूर्वीची. … हो, तेव्हाचीच. तुला विमानतळावर सोडून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

… हो, तेव्हाच म्हणाली होतीस तू. दोन वर्षांत कायमचे येतो. तिनं तुमच्यासाठी खोलीला रंगसुद्धा लावून घेतला. आणि तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी बसून ही वही… नरेल? … रडू नकोस गं. मी काही म्हणत नाहीये.

… नाही, का लिहिली ते मी नाही विचारणार तिला. तूच विचार. … गाडी वाजली बघ, आलीच. … नको काय, नरेल? चार वर्षं आपण तिघी एकमेकींना तू पुढच्या वर्षी येण्याच्या गोष्टी सांगतोय. … आई, नरेलचा फोन आहे. … हो, वही माझ्याच हातात आहे. वाचली. … घे ना, बोल तिच्याशी.

हॅलो? नरेल, बाळा… हं. … हं. … ते बिस्किटांचं राहू दे आता. … खोटं कशाला बोलशील? मनापासूनच म्हणाली होतीस तेव्हा, मला माहीत आहे. … नाही, ऐक माझं. तुझं घर तिकडे आहे, मुलं तिकडची आहेत. तू आता परत यायची नाहीस, बाळा. … अगं, मला विमानतळावरच कळलं होतं. … नाही, रागवायचं काय त्यात. … आता एकदा तूही म्हण, येणार नाही म्हणून. … म्हण. … हं.