देवेशची रीत

— हाकललं असं सांगितलं का तिनं? बसा ना, उन्नतीच्या आई, बसा. हाकललं नाही हो, "बाहेर जाऊन बस" म्हटलं फक्त — आता ते तेच झालं म्हणा. पण आधी काय झालं ते ऐका. आम्ल आणि आम्लारी यांची समीकरणं चालली होती, दहावीची. सल्फ्युरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड, त्यातून क्षार आणि पाणी. इतकी वर्षं मी काय शिकवलं? डावीकडचे अणू मोजा, उजवीकडचे मोजा, जुळेपर्यंत आकडे घाला. पोरं घालतात, खोडतात, परत घालतात. काल मी वेगळं सांगितलं — म्हटलं, या आम्लाकडे द्यायला दोन हायड्रोजन आहेत, आणि एक हायड्रॉक्साइड घेणार एकच, मग दुसरा कोणी घ्यायचा? पोरं म्हणाली, अजून एक हायड्रॉक्साइड आणा. दोनचा आकडा आपोआप आला. मलाच बरं वाटलं. आणि तुमची उन्नती उठून म्हणते, "सर, हे देवेशसरांसारखंच झालं." सगळ्यांसमोर.

हो, गेली होती ती मैत्रिणीबरोबर, त्या देवेशच्या क्लासच्या फुकट डेमोला, माहितीये मला. कसं म्हणजे? — मी होतो ना तिथे. आत नाही, जिन्यात. धामणकर नाक्यावरून चाललो होतो, आवाज आला, थांबलो जरा. बरं, संपेपर्यंत थांबलो. खाली कापडाच्या कारखान्यात लूमची एवढी खटखट, तरी त्याचा शब्द न् शब्द जिन्यात ऐकू येतो. माझाच विद्यार्थी हो तो, सोडियमची संज्ञा एस लिहायचा, मी कान पिळून शिकवलं त्याला. आज नाक्यावर त्याचा फोटो लागलाय, मोठा. तो वाईट शिकवत असता ना, तर मला काही वाटलं नसतं. चांगलं शिकवतो, तेच तर. ती रीत मला का नाही सुचली, सांगा.

नाही, उन्नतीनं माफी कशाला मागायची, खरं तेच बोलली. तिकडेच घाला तिला — नाही, थांबा, नका घालू. माझ्याकडे डोकं असलेली तीच एक उरलीय. बाकी सगळी त्याच्याकडे. फक्त एक करा, ती परत तिकडे गेलीच कधी, तर विचारा तिला, तो माझं नाव घेतो का वर्गात — केसरीनाथ सरांकडे शिकलो, एवढं तरी —

नको. काही विचारू नका. या तुम्ही, माझी पुढची बॅच आलीये.