चमचाभर फेस

जगाची कॉफी आता लोणावळ्यात पोचली आहे, याबद्दल वाद नाही. ती कशी पोचली, हे मला मळवली स्टेशनच्या तिकिटाच्या रांगेत कळलं. माझ्यापुढे एक आबा होते आणि लोणावळ्यातल्या एका कॅफेत नुकतीच कामाला लागलेली त्यांची नात.

"नोकरी ऱ्हायली का गेली, स्नेहल?"

"ऐका तर. एका साहेबांनी माकियातो मागितला. मी शिकवल्याप्रमाणे उंच ग्लासभर दूध-कॉफी दिली, वर कॅरेमल. त्यांनी परत पाठवली. म्हणाले, पारंपरिक द्या, नाहीतर मॅनेजरला बोलवा."

"पारंपरिक म्हंजी?"

"घोटभर कडक कॉफी आणि वर चमचाभर दुधाचा फेस. दूध कुठल्या कपात आहे ते वेटरला कळावं, म्हणून तेवढी खूण."

"चमचाभर दुधाचीबी नोंद ठेवत्यात? लय मोठी मानसं. आमी डेरीला कॅन भरून घालतो, कोन वळून बगत न्हाई."

"तशीच केली, आबा. पण कप रिकामा दिसायला लागला."

"पाव्हन्यापुढं रिकामा कप?"

"म्हणून काठोकाठ दूध घातलं."

"बरं केलंस. मग?"

"साहेबांनी डोळे मिटून घोट घेतला. म्हणाले, इटलीत अगदी अशीच मिळते."

आबांनी टोपी काढून हातात घेतली.

"म्हंजी नोकरी ऱ्हायली."

"राहिली. मॅनेजरनं तेच माप भिंतीवर लिहून लावलंय."