लाइन अडवणारी गोळी

कॅन्सरच्या दवाखान्यातल्या बाकावर शिवणकाम करणाऱ्या मावशी अंग चोरून बसल्या होत्या. शेजारी नणंद-भावजय खिदळत होत्या.

"वहिनी, माझी गाठ चारची दीड सेंटिमीटर झाली!"

"त्या एवढ्याशा गोळीनं? करते तरी काय ती?"

"हार्मोन पेशीला सारखं फोन करतं, वाढ गं, वाढ! गोळी मध्येच लाइन अडवते."

"अगं, म्हणजे ऑफिसच्या फोनवर बसून तू तीस वर्षं केलंस तेच!"

"अगदी! 'साहेब मीटिंगमध्ये आहेत, नंतर करा.'"

"आणि साहेब?"

"टेबलावर डोकं ठेवून घोरताहेत!"

दोघींची हसून हसून पुरेवाट झाली. मावशींनी पिशवीतून भीतीनं आठ दिवस न फोडलेली गोळ्यांची पट्टी काढली.

"ताई, मलाही हीच दिलीय. घोटभर पाणी आहे का हो?"