पाडव्याला ओवाळलेला राघू

माजं म्हायेर गुंजीचं, खानापूरच्या रानातलं, आन् दिलं मला हिकडं निपाणीच्या अंगाला, काळ्या मातीत, जितं सावलीला झाड हुडकावं लागतंय. गुंजीला आगगाडी यायची, लोंढ्याकडं जाताना शिट्टी मारायची, तेवढं माज्या कानात ऱ्हायलंय. लगीन झालं तवा मी परकर सोडून नुकतीच लुगडं नेसायला लागलेली. काय सांगू तुमाला बाई, सासूनं पयल्या दिवशी भाकरी थापायला न्हाय लावलं, सुई हातात दिली. म्हनली, आमच्या घरची सून आधी राघू शिवायला शिकती.

राघू म्हंजे कापडाचा वो, दिवाळीच्या तोरनाचा. ह्या घरात दर दिवाळीला नवं तोरन, आन् घरात जेवढी बाप्यामानसं तेवढं राघू. ज्येचा राघू त्येच्याच जुन्या कापडाचा, मामंजींचा त्यांच्या धोतराचा, दिराचा त्येच्या अंगरख्याचा. दोन पानं कापायची, उलटी शिवून सुलटी करायची, आत कापूस ठासायचा, चोचीला तांबडी चिंधी आन् डोळ्याला काळा मनी. मानूस गेलं की त्येचा राघू नदीला सोडायचा. सासूचा हात लई बारीक, टाका हुडकून गावायचा न्हाय. तोंडबी तसंच, टोचलं तरी रगात दिसायचं न्हाय.

माजा दादला पलटनीत गेला, बसऱ्याच्या लढाईला. बेळगावला जाताना डोक्याला नवा पटका बांधला आन् जुना गुलाबी खुंटीला ठेवून गेला. लढाई सरली, गावची दुसरी पोरं आली, ह्यो आला न्हाय. मेला म्हनून कुनी सांगंना, हाय म्हनून कुनी सांगंना. सासू म्हनली, माजा ल्योक हाय, पटक्याचा तुकडा काप आन् राघू शिव. शिवला. पाडव्याला समद्या बायका आपापल्या नवऱ्याला ओवाळत्यात, मला दारात पाटावर उभी करून सासूनं राघूला ओवाळायला लावलं. जाऊ पदर तोंडाला लावून हसत हुती. मीबी हसले असते वो, पर ताट फिरवत ऱ्हायले. असं लई पाडवं गेलं.

एकदा म्हायेरी जत्रंला गेलते, तितं वयनीच्या नात्यातला एक चिकोडीचा मानूस आलता. बायकू बाळंतपनात गेलेली, संगट बारकी पोरगी. ती पोर माज्या मांडीवर जी बसली ती उठंना. म्या तिला खनाच्या चिंधीचा राघू शिवून दिला, तर ती त्येला भाकरी चारत बसली. त्यो मानूस लांबनं बगत हुता, जाताना एवढंच म्हनला, पोरीला लई माया लावलीसा. खरं सांगते, मला त्येच्या घरला जावंसं वाटलं. आमच्यात पाट लागतो, बाईचं दुसरं लगीन चालतं, त्यात लाजायचं काय न्हवतं. अण्णा, माजा भाऊ, सोता इचारायला हितं आला. सासूला म्हनला, आक्का, लई वरसं झाली, आता आमच्या पोरीला मोकळी करा. सासूनं त्येला हाताला धरून दारात न्हेलं, वर बोट केलं. त्यो बग राघू. नवरा जित्ता असताना पाट कसा लावतोस रं? अण्णा पानीबी न पिता गेला. मी चुलीम्होरं, फुकनी हातात. मला कुनी भायेर बलवलं न्हाय.

पटका दर वरसाला आखूड व्हायचा. मी मनात म्हनायची, ह्यो संपला की सुटले. एवढ्याशा राघूला कितीसं कापड लागतंय, पर मी मोठमोठी पानं कापायची. सासू म्हनायची, ह्यो एवढा का गं फुगलाय? मी म्हनायची, पलटनीतलं खातोय न्हवं. आन् एका दिवाळीला पटका संपला. सासूनं पेटी उघडली आन् लगनातला त्येचा शेला काढला, चांगला लांबरुंद. म्या त्योबी कापाय घेतला.

मग ही दुसरी लढाई झाली, कापड रेशनवर गेलं, तवर सासूचं डोळंबी गेलतं. मरायच्या आधी माजा हात चाचपून म्हनली, पोरी, त्यो येत न्हाय हे मला कवाच कळलंतं. पर राघू काढला की तू जानार, मग त्येचं म्हनून माज्याजवळ काय ऱ्हानार? आता काढ आन् जा चिकोडीला. म्या म्हनलं, आत्याबाई, आता कुनाकडं जाऊ? त्यो मानूस कवाच दुसरी करून बसला, ती पोर आता लेकुरवाळी झाली. ती रडली, आन् मला रडू यीना. राग यायला पायजे हुता, त्योबी धड आला न्हाय. तिच्या तोंडात पानी घालायला मीच हुते.

तिचं दिवस झाल्यावर राघू वेदगंगेला सोडून आले, कुक्कू पुसलं. आता पुतन्यांच्या बायका मला शिवायला बसिवत्यात, काकीचा हात लई बारीक म्हनत्यात. शिवते. दोन येळची भाकर मिळती, कुनाला नावं ठिवायची न्हाईत. सराज्य येनार म्हनत्यात, येऊ दे. तुमी लिवून घेताय तर एवढं लिवा बाई. तुमच्या लेकीला चांगलं घर मिळू दे, तिला औक्ष मिळू दे, पर तिच्यापायी कुनी दारात आलं तर तिला चुलीम्होरनं उठवा, भायेर बलवा, आन् इचारा, पोरी, तुजं काय म्हननं हाय?

मी व्हय म्हनले असते.