तपकिरी कोटातला माणूस

(कॅनडातलं थंडर बे. हेल्मी दोन दिवस भाची साराजवळ राहायला धाकट्या भावाच्या, रौनोच्या घरी आली आहे. रौनो कामासाठी विनिपेगला निघालाय, बूट चढवता चढवता बोलतोय.)

हेल्मी : म्हणजे तू हॉकीची काठी घेऊन फ्रिजवर धावून गेलास?

रौनो : फ्रिजवर नाही गं. सारा म्हणाली, तपकिरी कोटातला माणूस फ्रिजजवळ उभा आहे. म्हटलं, हाकलतोच त्याला एकदाचा. चांगला दम भरला. मग ती हळूच म्हणते, बाबा, तो केव्हाच तुझ्या मागे येऊन उभा राहिलाय.

हेल्मी : हसू नये मी, पण...

रौनो : हस की. बर्फ ढकलायचा ट्रक चालवतो मी, मला दुसरं येतं काय? त्याआधी, असं काही नसतंच, हेही पटवून झालं होतं. तो उभा राहतो तिथं खुर्ची टाकून बसूनसुद्धा दाखवलं.

हेल्मी : आणि मी फोनवरून शहाणपणा करत होते, पोरीला माशाचं तेल दे म्हणून.

रौनो : दिलं ना. तो गेला नाही. साराच मला काही सांगेनाशी झाली.

हेल्मी : का?

रौनो : तो बोलतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मी विचारलंच कुठं होतं? शेवटी मनाच्या डॉक्टरकडे नेलं, त्या डॉक्टरीणबाईंना तिनं सांगितलं. तो म्हणतो, तुझ्या बापाला तुझा वैताग आलाय. आणि बाप समोर काठी घेऊन ओरडतोय. त्याला आयता साक्षीदार मिळाला.

हेल्मी : अकरा वर्षांची पोर, आणि हे ऐकत बसायची एकटी.

रौनो : डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध आपलं काम करील, वेळ लागेल. तुम्ही त्याच्याशी भांडू नका. दिसतोय असं नाटकही करू नका. तिला काय वाटतंय ते विचारा. मी मान डोलावली, घरी आलो आणि सगळं विसरलो.

हेल्मी : तुझं नेहमीचंच.

रौनो : मग गेल्या आठवड्यात दुकानात, डबाबंद खाण्याच्या फळ्यांपाशी, ती थिजली. पांढरीफटक. काय विचारायचं होतं ते मला आठवेना, म्हणून मी तिच्याशेजारी फरशीवर फतकल मारून बसलो. एवढा धिप्पाड गडी, बुटांवरचा बर्फ वितळतोय. लोक ढकलगाड्या वळवून जातायत.

हेल्मी : ओळखीचं कोणी?

रौनो : चर्चमधलं निम्मं गाव. मी म्हटलं, सारा, मला तो दिसत नाही. पण तुला दिसतोय, ते खोटं नाही. काय म्हणतोय? तर म्हणाली, तो म्हणतोय, बाबा तुला इथंच टाकून जाणार.

हेल्मी : तू काय म्हणालास?

रौनो : म्हटलं, माझे गुडघे बघ. खाली बसलोय खरा, पण तू हात दिल्याशिवाय मला उठता यायचं नाही. टाकून जाऊ कसा?

हेल्मी : मग?

रौनो : हसली. मग दोघं गुणगुणत बसलो. गुणगुणलं की त्याचा आवाज बारीक होतो, असं तिनंच सांगितलं. इतके महिने माझ्या घरात ही माहिती होती बघ.

हेल्मी : आणि तो? गेला?

रौनो : कुठला. बिलाच्या रांगेपर्यंत आला, म्हणाली. पण गप्प होता. हेल्मी, तू काही करू नकोस. नुसती जवळ बस, विचार. ती फार घाबरली, नाहीतर तो तिला काही वाईट करायला सांगू लागला, तर लगेच डॉक्टरीणबाईंना फोन, मग मला.

हेल्मी : जा आता. काठी गॅरेजमध्ये टाकून जा, मलाही मोह होईल.

(रौनो जातो. काही वेळानं सारा जिना उतरून येते.)

सारा : आत्या, बाबा गेला?

हेल्मी : आत्ताच. ये, बस.

सारा : तो आलाय. तुला सांगितलं तर चालेल?

हेल्मी : चालेल. पण या बाबतीत मी तुझ्या बाबापेक्षाही ढ आहे. सावकाश सांग.