सातव्या दिवसाची नोंद

जबाब
दि. १२/०२/२०२५, वेळ सकाळी ११.२०

मी, सत्यशीला भ्र. धोंडीराम पोकळे, वय अंदाजे ७४ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण निरंक, रा. जुनी गल्ली, कडा, ता. आष्टी, जि. बीड, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. पती नऊ वर्षांपूर्वी मयत आहेत. मुलगा तानाजी सहकुटुंब पुण्यास असतो. मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगेन तसे लिहावे, मधले गाळू नये, असे मी जमादार साहेबांना आधीच सांगितले आहे. साहेब म्हणाले, आजी, मुद्द्याचं तेवढं सांगा. मी म्हणाले, मुद्दा मधीच हाय, तुमी लिहा, तुमचा हात काय दुखायलाय. तरी तसे लिहिले आहे.

माझ्या कवाडासमोर विठ्ठलराव गव्हाणे, वय ७८, यांचे घर आहे. मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली आहे. ते साखर कारखान्यात टाइमकीपर होते. त्यांची पत्नी चार वर्षांपूर्वी वारली. मी त्यांना भावजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात. त्यांचा मुलगा अमरसिंह नाशिकला असतो. त्याने परवा अर्ज दिला आहे की, मी त्याच्या वडिलांना ठार मारण्याच्या इराद्याने सात दिवस पाळत ठेवली, ते पडल्यावर दोन तास चाळीस मिनिटे मदत केली नाही, आणि वडिलांनी भीतीपोटी हे सर्व एका वहीत लिहून ठेवले. तो अर्ज मला वाचून दाखवला. त्यातील काही भाग खरा आहे. कोणता ते पुढे सांगते.

सदर वही शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची आहे. ती माझी नात शिवकन्या, वय २३, हिची आहे. ती पुण्यात नोकरी करते. ती व तिच्या मैत्रिणी एक खेळ खेळतात. त्यात कोणी जादूगार होते, कोणी तलवारबहाद्दर होते, एकजण गोष्ट सांगते आणि अडलं की वीस तोंडांचा फासा टाकतात. खेळाचे मूळ पुस्तक इंग्रजी आहे. त्यात मारेकऱ्याचे नियम तिला कमी वाटले म्हणून तिने पदरचे चौदा नियम मराठीत लिहिले. वहीच्या पहिल्या पानावर 'मारेकऱ्यांसाठी पुरवणी नियम' असे आहे. ते वाचून अमरसिंहला घाम फुटला. खरा खून करणारा पुरवणी काढत बसत नाही, असे मी साहेबांना म्हणाले. साहेब हसले. ते हसले हेही लिहा म्हटले, तर लिहीत नव्हते.

शिवकन्या दिवाळीत आठ दिवस आली होती. तिने विचारले, "आज्जे, खेळात तू कोन व्हनार?" मी विचारले, जादूगाराला काय करावं लागतं. ती म्हणाली, रोज सकाळी मंत्राचं पुस्तक वाचावं लागतं. आणि मारेकऱ्याला? नुसतं गप बसून बघावं लागतं. मी म्हणाले, मग मी मारेकरी, त्याची मला लई सवय हाय. ती गेल्यावर आम्ही दर रविवारी चार वाजता फोनवर खेळत होतो. वही तिने माझ्याकडेच ठेवली. पाचव्या रविवारी माझा मारेकरी राजवाड्याच्या भिंतीवर अर्ध्यात चढलेला असताना तिला दुसरा फोन आला. ती म्हणाली, "पुढच्या रविवारी, आज्जे." त्यानंतर सात रविवार गेले. मारेकरी भिंतीलाच होता.

दि. ०२/०२/२०२५ रोजी, तो आठवा रविवार, सायंकाळी पाच वाजता मी वही घेऊन विठ्ठलराव यांच्याकडे गेले. भिंतीवरून आपले आपण उतरता येते काय, याचा नियम आहे का, एवढेच मला पाहिजे होते. त्यांनी चष्मा लावून चौदाही नियम वाचले. उतरण्याचा नियम नव्हता. अकरावा नियम असा की, मारेकऱ्याला साथीदार नसतो, तो एकटा खेळला तरी चालते. हा त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "वहिनी, त्या राजवाड्याचं जाऊ द्या. नवा डाव मांडा. सावज कोन?"

मी म्हणाले, "गल्लीत दुसरं हाय कोन?"

ते म्हणाले, "आवो, चांगलं हाय की. रिटायर झाल्यापासून मला कुणी कशाला निवडलं न्हाई."

सावज म्हणजे ज्याला मारायचे तो. वहीत 'सावज : विठ्ठलराव गव्हाणे' असे आहे. ते अक्षर त्यांचे स्वतःचे आहे. भीतीने लिहिलेले नाही. नाव लिहून झाल्यावर त्यांनी खाली रेघ मारली, कारखान्यात मारत होते तशी.

नियम तिसरा : वार करण्याआधी मारेकऱ्याने सावजाची सात दिवस टेहळणी करून रोज नोंद ठेवावी. सात नोंदी पूर्ण झाल्यास फासा टाकण्याची गरज नाही. नियम सहावा : हत्यार आधी जाहीर करावे. मी हळदीचे बोट जाहीर केले. सदऱ्याला पाठीमागून हळद लागली की सावज मेले. विठ्ठलराव म्हणाले, सगळे नियम मारेकऱ्याचेच, सावजाने काय करायचे? म्हणून त्यांनी समासात आपला एक नियम घातला. तो असा : सात दिवसांत एकदा नेहमीच्या वेळा चुकवून मारेकऱ्यास हुलकावणी देण्याचा सावजास हक्क आहे, दिवस सावज ठरवील. पुरवणीला पुरवणी जोडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

मला लिहिता येत नसल्याने नोंदी तेच लिहीत. मी दिवसभर माझ्या ओट्यावरून बघायचे. पाच वाजता ते चहाला येत. मी सांगायचे, ते मिनिटे दुरुस्त करून लिहायचे आणि वही घरी न्यायचे. सात वाजता कवाड. सात दहाला दूध. सव्वासातला मांजराला शिवी. दुसऱ्या दिवशी मी सांगितले, साडेदहा ते अकरा नुसते बसले. ते म्हणाले, "पेपर वाचत व्हतो." मी म्हणाले, "पेपर कालचा व्हता, भावजी." त्यांनी 'नुसते बसले' लिहिले. चौथ्या दिवशी मी सांगितले, सावज फोन कानाला लावून नऊ मिनिटे बोलले, फोन वाजलेला नव्हता आणि लावलेलाही नव्हता. ते म्हणाले, हे नको. मग चहा संपवून लिहिले. ते पान अमरसिंहने वाचले की नाही मला माहीत नाही. अर्जात त्याचा उल्लेख नाही.

पाचव्या दिवशी ते नवा सदरा घालून कवाड उघडून उभे राहिले आणि गल्लीत मोठ्याने म्हणाले, "मारेकरी उठला का न्हाई?" शेजारचा भागवत हे ऐकून हसला होता, त्याचा जबाब घ्यावा. सहाव्या दिवशी, दि. ०८/०२/२०२५ रोजी, सायंकाळी नोंद झाल्यावर ते उठता उठता म्हणाले, "वहिनी, माझी हुलकावणी अजून शिल्लक हाय बरं का." त्यांचे हे शेवटचे बोलणे.

दि. ०९/०२/२०२५ रोजी रविवार होता. मी उजव्या हाताच्या बोटाला हळद लावून सात वाजता ओट्यावर बसले. सात वाजता कवाड उघडले नाही. सात दहाला दूधवाल्याने किटली उंबऱ्यावर ठेवली, दोनदा हाक मारली व गेला. मला वाटले, ही हुलकावणी. मला बरे वाटले. मी आठ वाजता चहा ठेवला, दोन कप. गल्लीत उभी राहून मोठ्याने म्हणाले, "भावजी, चहा गार व्हायलाय, हरले म्हना." आतून उत्तर आले नाही. मला वाटले, तोंडावर हात धरून हसत असतील. मी हसले. साडेआठ वाजता पुन्हा हाक मारली. नऊ वाजता मी त्यांच्या वाट्याचा चहा पिऊन टाकला, चिडवायला, त्यांना फटीतून दिसेल असा.

नऊ चाळीसला मांजराने किटलीचे झाकण पाडले व दूध पिऊ लागले. आतून शिवी आली नाही. हुलकावणीसाठी माणूस एवढं दूध मांजराला देत नाही. तेव्हा मला समजले.

मी भागवतला हाक मारली. तो मागच्या भिंतीवरून आत उतरला व त्याने कडी काढली. विठ्ठलराव न्हाणीच्या दारात उजव्या कुशीवर पडलेले होते. डोळे उघडे होते. त्यांनी मला ओळखले. तोंड हलले, शब्द झाला नाही. मी त्यांना पाठीखाली हात घालून धरले व भागवतने जीप आणली. त्यांच्या सदऱ्यावर पाठीला जो पिवळा डाग आहे, ज्याबद्दल अमरसिंहने विचारले आहे, तो माझ्या बोटाचा आहे. नियमाप्रमाणे तो वार झाला. मी तो धरत नाही. साहेबांनीही धरू नये.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की अर्धांग आहे, पहाटे साडेपाचच्या सुमारास झाले असावे, उजवी बाजू व वाचा गेली आहे, आणि लवकर आणले असते तर फरक पडला असता. किती फरक, असे मी विचारले. ते त्यांनी सांगितले नाही. अमरसिंहच्या अर्जातील दोन तास चाळीस मिनिटांचा भाग खरा आहे. मी समोर बसून होते. माझे लक्ष कवाडावरच होते.

साहेबांनी माझ्यासमोर शिवकन्येला फोन केला. तिने पहिल्या रिंगला उचलला. मी केल्यावर इतक्या लवकर उचलत नाही, तेव्हा पोलिसांचा नंबर मला लिहून द्यावा. तिने वही खेळाची असल्याचे सांगितले व ती रडली. येते म्हणाली. ये म्हटले.

अमरसिंह उद्या वडिलांना नाशिकला नेणार आहे. तो आल्यापासून त्याने मला दवाखान्यात आत जाऊ दिले नाही. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही अर्ज दिला असता, आणि हळदीचा डाग बघून आणखी मोठा दिला असता. माझी एवढीच विनंती आहे की, वही तपासून झाल्यावर ती विठ्ठलराव यांच्याकडे द्यावी. सातव्या दिवसाचे पान कोरे आहे. ते लिहायचे त्यांचे काम होते, आता त्यांचा हात चालत नाही. म्हणून वर साहेबांनी माझ्या सांगण्यावरून जे लिहिले आहे, सात वाजल्यापासून नऊ चाळीसपर्यंत, तेवढे त्यांना कोणीतरी वाचून दाखवावे. मिनिटे चुकली असतील तर ते डोळ्यांनी सांगतील. हुलकावणी वापरलेली नाही, ती त्यांच्या नावावर शिल्लक आहे, हेही सांगावे.

दि. १० पासून समोर कुलूप आहे. मी सात वाजता ओट्यावर बसते.

आणखी काही सांगायचे आहे काय, असे साहेबांनी विचारले. सांगते की, माझे कवाड पावणेसहाला उघडते. सव्वासहाला मी दारात सडा टाकते. सातला ओट्यावर असते. अकराला भाकरी. पाचला चहा, अजून दोन कप ठेवला जातो. रविवारी चार वाजता फोन मांडीवर असतो. ही नोंद साहेबांनी कागदावर ठेवावी. समोरच्या घरात आता कोणी नाही, म्हणून ती पोलीस ठाण्यात देत आहे. मला हुलकावणीचा हक्क नाही. तेव्हा एखाद्या दिवशी सातपर्यंत कवाड उघडले नाही, तर कोणी हसत थांबू नये.

माझा वरील जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. दोन ठिकाणी ते भराभर वाचून पुढे गेले, तिथे मी पुन्हा वाचायला लावले. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. त्यावर मी डाव्या हाताचा अंगठा दिला आहे. उजव्या बोटाची हळद अजून निघालेली नाही.

निशाणी डावा अंगठा
सत्यशीला भ्र. धोंडीराम पोकळे