रचना : पारंपरिक

(रेडिओ केंद्रातली निवेदिकेची खोली. समोर लिफ्टमन आणि त्याची थोरली बहीण.)

निवेदिका : पण काका, पारंपरिक गाणी स्पर्धेत चालतच नाहीत. म्हणून परीक्षकांनी तुमचं बाजूला काढलं.

लिफ्टमन : अहो, पारंपरिक कसं? मी जिवंत आहे की!

ताई : आणि मी साक्षीला आहे. लिफ्टमधल्या स्टुलावर बसून रचलंय ह्याने.

निवेदिका : ताई, दोन वर्षं रोज लावतोय आम्ही हे गाणं. माझी आजी तर म्हणते, लहानपणापासून ऐकतेय.

ताई : आजीला नमस्कार सांग. आणि म्हणावं, तेव्हा आमच्या बापाचं लग्नसुद्धा झालं नव्हतं!

निवेदिका : परीक्षकांचा शेरा वाचू? ‘सात मजले चढविलेस देवा, आता दार उघड. ह्या ओळीत सात मजले म्हणजे आत्म्याच्या सात अवस्था. इतकं गहन आजकाल कुणी लिहीत नाही.’

लिफ्टमन : आमच्या इमारतीला सातच मजले आहेत हो.

ताई : आठवा बांधला असता तर आत्मा आणखी वर गेला असता!

निवेदिका : अगं बाई! मग ते ‘मध्येच अडकलो, तुझा हात दिसेना’?

लिफ्टमन : वीज गेली होती. पाचव्या-सहाव्याच्या मधे. अशा वेळी देवाशिवाय आठवणार कोण?

निवेदिका : मग हे पारंपरिक झालं कसं?

ताई : तूच म्हणतेस की रोज!

निवेदिका : ते… प्रवचनकार बुवांच्या रेकॉर्डिंगवर नाव नव्हतं. नाव नसलं की पारंपरिक म्हणायचं, अशी इथली रीतच आहे.

ताई : बाप समोर उभा, आणि पोराला अनाथ म्हणताय!

लिफ्टमन : बुवांना बोल नको लावूस. आमच्याच लिफ्टने सातव्यावर जायचे. मी गुणगुणायचो, त्यांनी उचललं. प्रवचनात असं काही गायले, की हे माझंच आहे हे विसरून रडलो मी. पण आता लिफ्टमध्ये जो तो हेच गुणगुणतो. मी म्हटलं, माझं आहे, की सातव्याला जाणारे तिसऱ्यालाच उतरतात.

ताई : आणि ह्याची बायको म्हणते, देवाच्या गाण्यावर डल्ला मारू नका, पाप लागेल! बक्षीस मिळालं की तिची खात्री पटेल, म्हणून तर स्पर्धेत पाठवलं.

निवेदिका : निकालावर सह्या झाल्यात, काका. तिथे माझं काही चालणार नाही.

लिफ्टमन : राहिलं मग. चल, ताई.

निवेदिका : थांबा हो! माइकवर तर माझंच चालतं ना? आत्ता हेच गाणं लावायचंय. आज पारंपरिक म्हणायचं नाही. आत या, आणि नाव तुम्हीच सांगा.

ताई : जा ना आत! घरी रेडिओ चालू असेल, तुझी बायको ऐकत असेल. अरे, आता काय झालं?

लिफ्टमन : ताई, तूच सांग. माझ्या तोंडून कुणाला खरं वाटत नाही. हल्ली तर मलाही वाटेनासं झालंय.